गीझर बदलणे, पॉइंट हलवणे आणि कळवण्याचा प्रश्न

जूनच्या पहिल्या आठवड्यात माझ्यासमोर दोन प्रश्न जवळजवळ एकदमच आले. पहिला वहीच्या फाडलेल्या पानावर लिहिलेला होता. आमच्या मुलुंड पूर्वेच्या सोसायटीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी 'बाथरूममधील गीझर बदलणे आहे, तरी परवानगी मिळावी' असा अर्ज माझ्या टपालपेटीत टाकला होता. दुसरा फोनवरून आला. माझी पुतणी इंग्लंडमधल्या रेडिंग गावात राहते. तिने आणि तिच्या नवऱ्याने गेल्या वर्षी तिथे एक जुने घर घेतले आहे. ती म्हणाली, "काका, इथं शॉवर बदलायचा झाला तरी कौन्सिलला कळवावं लागतं म्हणतात. तुमची हयात यातच गेली, तुम्हीच सांगा, खरं का हे?"

माझी हयात यातच गेली हे खरे आहे. फोर्टमधल्या एका सल्लागार कंपनीत एकतीस वर्षे मी इमारतींच्या विद्युत आराखड्यांवर काम केले, सुपरवायझरचे प्रमाणपत्र आजही माझ्याजवळ आहे, आणि निवृत्तीनंतर सोसायटीचे मानद सचिवपद गळ्यात पडले ते बहुधा त्याच कारणाने. तरीसुद्धा या दोन्ही प्रश्नांना 'हो' किंवा 'नाही' असे एका शब्दात उत्तर देणे मला जमले नाही. घरातल्या विजेच्या कामाविषयीचे नियम कठीण आहेत ते त्यांतल्या तांत्रिक भागामुळे नव्हे. एखादे काम 'बदलणे' ठरते की 'फेरफार' ठरतो, या एका प्रश्नावर सगळा डोलारा उभा असतो आणि तो प्रश्न भाषेचा आहे, म्हणून ते कठीण आहेत. दोन देशांनी त्या प्रश्नाला दोन निरनिराळ्या बाजूंनी हात घातला आहे, हे मला या दोन अर्जांच्या निमित्ताने प्रथमच नीट दिसले.

आधी आपल्याकडचे पाहू. १९१० च्या विद्युत कायद्याखाली केलेल्या १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांतला ४५ वा नियम आमच्या पिढीच्या प्रत्येक सुपरवायझरला पाठ असे. २००३ चा विद्युत कायदा आला, त्याखाली केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने २०१० मध्ये सुरक्षाविषयक नवे विनियम केले आणि २०२३ मध्ये ते पुन्हा नव्याने काढले. पण त्या नियमाचे मुख्य वाक्य या सगळ्या प्रवासात जवळजवळ जसेच्या तसे टिकून राहिले आहे. मूळ वाक्य इंग्रजीत आहे आणि सरकारी इंग्रजीला शोभेल इतके लांब आहे. त्याचा आशय मराठीत असा सांगता येईल : ग्राहकाच्या, मालकाच्या किंवा वहिवाटदाराच्या जागेतले विजेच्या मांडणीचे कोणतेही काम, त्यात नवी भर, फेरफार, दुरुस्ती आणि जुळवाजुळव हे सारे आले, राज्य शासनाचे लायसन्स असलेल्या विद्युत ठेकेदाराकडूनच, सक्षमतेचे प्रमाणपत्र असलेल्या व्यक्तीच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली आणि परमिटधारक माणसाच्याच हातून झाले पाहिजे, अपवाद फक्त दिवे, पंखे, फ्यूज, स्विच, घरगुती वापराची कमी दाबाची उपकरणे आणि फिटिंग यांच्या अशा बदलीचा, की जिच्यामुळे मांडणीची क्षमता किंवा तिचे स्वरूप यांत काहीही फरक पडत नाही.

हे वाक्य बहुतेक लोक अर्धेच वाचतात. दिवे, पंखे, फ्यूज, स्विच, उपकरणे ही यादी डोळ्यात भरते, आणि यादीत नाव आहे म्हणजे सूट आहे असे समजून ते पुढे जातात. वाक्याचा कणा मात्र यादीत नसून 'अशी बदली, की जिच्यामुळे' या जोडीत आहे. 'अशी' हा शब्द शेवटच्या 'फिटिंग'ला चिकटलेला नाही. तो 'बदली' या शब्दाला लागतो, आणि बदली ही यादीतल्या प्रत्येक वस्तूची आहे. त्यामुळे क्षमता आणि स्वरूप यांची अट दिव्यालाही लागू होते, स्विचलाही होते आणि फ्यूजला तर सर्वांत आधी होते. आमच्या कार्यालयात एक ज्येष्ठ सहकारी म्हणत की या नियमातली यादी ही उदाहरणांची आहे, नियम अटीत आहे. मला त्यांचे म्हणणे तेव्हा जरा जास्तच पुस्तकी वाटे. आज सोसायटीचे अर्ज वाचताना ते रोज आठवते.

फ्यूजचेच उदाहरण घ्या. जुन्या चाळींतून आणि सत्तरच्या दशकातल्या इमारतींतून चिनी मातीचे किटकॅट फ्यूज अजून सापडतात. फ्यूज उडाला, तर त्याच जाडीची तार घालून तो पुन्हा बसवणे ही नियमाने सूट दिलेली बदली आहे. तोच फ्यूज वारंवार उडतो म्हणून त्यात दुप्पट जाड तार घालणे, किंवा आजच्या भाषेत सोळा अँपिअरची एमसीबी, म्हणजे ठरावीक आकड्याहून जास्त वीज वाहू लागली की आपोआप बंद पडणारा स्विच, 'ट्रिप होते' म्हणून तिच्या जागी बत्तीसची लावणे, हीसुद्धा दिसायला बदलीच आहे. जागा तीच, खोका तोच, दोन स्क्रू सैल करून घट्ट करायचे, दहा मिनिटांचे काम. पण एमसीबी गीझरचे रक्षण करण्यासाठी लावलेली नसते, ती भिंतीतल्या तारेचे रक्षण करण्यासाठी असते. तार सोळाच्या हिशेबाने घातलेली आहे आणि आता तिच्यातून तीस अँपिअर वाहू लागले तरी कोणी अडवणारे राहिलेले नाही. मांडणीची क्षमता कागदावर वाढली, तारेत मात्र वाढली नाही. तेव्हा यादीत 'फ्यूज' हा शब्द स्पष्ट असूनही हे काम सुटीत बसत नाही, आणि घरगुती कामांपैकी सर्वांत सर्रास होणारे नियमबाह्य काम कोणते असे मला कोणी विचारले, तर मी याच कामाकडे बोट दाखवीन.

'क्षमता' हा शब्द निदान मोजता येतो. 'स्वरूप' अधिक निसरडे आहे. माझ्या मते एखाद्या कामाने पुढीलपैकी काहीही बदलले, तर मांडणीचे स्वरूप बदलले असे मानावे : तार कुठून जाते, तिला संरक्षण कशाचे आहे, अर्थिंग आहे की नाही, आणि पॉइंट कोणत्या प्रकारच्या जागेत आहे. जुन्या दोन तारांच्या वायरिंगवर, अर्थची तार नसताना, केवळ प्लग बसावा म्हणून तीन पिनांचे सॉकेट बसवणे हे मला स्वरूपबदलाचे सर्वांत वाईट उदाहरण वाटते, कारण ते सॉकेट पुढच्या प्रत्येक माणसाला खोटे आश्वासन देत राहते. फुटलेला स्विच काढून तसाच स्विच लावणे मात्र निर्विवाद सुटीत आहे. पंख्याच्या जागी पंखा, ट्यूबच्या जागी एलईडी पट्टी, हेही. सॉकेटचे नाव यादीत नाही, पण ते 'फिटिंग'मध्ये येते असेच मी मानतो. जशास तसे बदलले तर सूट, सहा अँपिअरच्या जागी सोळाचे लावले तर नाही.

आता वहिनींचा गीझर. त्यांच्याकडे तीन लिटरचा इन्स्टंट गीझर होता, तीन किलोवॅटचा. २३० व्होल्टला तो साधारण तेरा अँपिअर ओढतो. त्यांना घ्यायचा होता पंधरा लिटरचा, दोन किलोवॅटचा, म्हणजे नऊ अँपिअरच्या आतबाहेर. विजेच्या दृष्टीने भार कमी होत होता. घरगुती उपकरणाच्या जागी उपकरण, क्षमता वाढत नाही, लाइन तीच : एवढ्यापुरते पाहिले तर या कामाला नियमाने लायसन्सधारक ठेकेदाराची सक्ती नाही, आणि सोसायटीला अर्ज करण्याचीही फारशी गरज नव्हती. मी तसे सांगायला वर गेलो तेव्हा वहिनी म्हणाल्या, "अहो भाऊजी, पण नवीन मोठा आहे ना, तो माळ्याखाली मावत नाही. प्लंबरच म्हणाला, पॉइंट चार फूट अलीकडे घेतो म्हणून." म्हणजे अर्जात लिहिलेले काम सुटीतले होते आणि प्रत्यक्ष होणारे काम सुटीबाहेरचे. पॉइंट चार फूट हलवणे म्हणजे भिंतीला झिरी मारणे, पाइप टाकणे, जुन्या तारेला मध्येच जोड देणे किंवा नवी लाइन ओढणे. तो फेरफार आहे, आणि तोही शॉवरच्या दिशेने सरकणारा फेरफार. तो करणारा प्लंबर होता, ही गोष्ट निराळी सांगायलाच नको.

इथे वहिनींनी मला जे विचारले ते पुतणीच्या प्रश्नासारखेच होते : "मग हे कुणाला कळवायचं असतं?" आणि इथेच आपल्या नियमाची तऱ्हा ध्यानात येते. फ्लॅटच्या आतल्या अशा कामासाठी 'कळवा' असे तो नियम म्हणतच नाही. तो फक्त एवढेच म्हणतो की काम अमुक प्रकारच्या माणसाकडून झाले पाहिजे. सूचना, नोटीस, आगाऊ अर्ज यांचा त्या वाक्यात मागमूस नाही. वीज वितरण कंपनीला कळवण्याची वेळ येते ती मुख्यतः नवा पुरवठा घेताना किंवा मंजूर भार वाढवून घेताना; त्या वेळी ठेकेदाराच्या सहीचा टेस्ट रिपोर्ट लागतो आणि कंपनीने मांडणी तपासून मगच पुरवठा जोडावा अशी अपेक्षा असते. भार न वाढवता घरातल्या घरात पॉइंट हलवला, तर लायसन्सधारकाने काम केले की नाही हे विचारायला कोणीही येत नाही.

इंग्लंडने नेमकी उलट वाट धरली आहे. तिथे घरातल्या विजेच्या कामांसाठी इमारतविषयक नियमांत 'पी' नावाचा भाग १ जानेवारी २००५ पासून लागू झाला. सुरक्षिततेची मूळ अपेक्षा सगळ्याच कामांना आहे, छोटे असो वा मोठे : मांडणीची आखणी आणि उभारणी अशी हवी की ती वापरणाऱ्या, सांभाळणाऱ्या किंवा बदलणाऱ्या माणसाला आगीपासून आणि इजेपासून वाजवी संरक्षण मिळेल. त्यानंतर त्यांतली काही कामे वेगळी काढून सांगितले आहे की ही स्थानिक प्रशासनाच्या इमारत नियंत्रण विभागाला कळवलीच पाहिजेत. घरमालकाने स्वतः स्क्रूड्रायव्हर हातात घेण्याला तिथे बंदी नाही. तो आधी सूचना देऊन, शुल्क भरून, तपासणी करवून घेऊन स्वतःच्या घराचे कळवण्याजोगे कामदेखील करू शकतो. नोंदणीकृत इलेक्ट्रिशियनला बोलावले तर तो आपले काम स्वतःच प्रमाणित करतो, सूचना त्याच्या योजनेमार्फत जाते आणि काम संपल्यावर तीस दिवसांच्या आत घरमालकाला प्रमाणपत्र मिळते. म्हणजे आपला नियम 'कोणाच्या हातून' असे विचारतो आणि त्यांचा नियम 'कोणाच्या कानावर' असे विचारतो. मी पुतणीला हे असेच सांगितले तेव्हा ती हसली आणि म्हणाली, "म्हणजे तिकडे हात बघतात नि इकडे कागद."

कळवण्याजोग्या कामांची इंग्लंडमधली यादी आता फार आखूड आहे. सुरुवातीला स्वयंपाकघरातले आणि घराबाहेरचे वाढीव पॉइंटही तीत होते. एप्रिल २०१३ पासून ते वगळले गेले आणि तीनच गोष्टी राहिल्या : नवे सर्किट टाकणे, ग्राहकाचा वितरण खोका, म्हणजे आपण ज्याला डीबी म्हणतो तो, बदलणे, आणि 'विशेष जागे'तल्या चालू सर्किटमध्ये भर घालणे किंवा फेरफार करणे. पोहण्याचा तलाव आणि सौना यांच्या बरोबरीने टब किंवा शॉवर असलेल्या खोलीतला नळाभोवतीचा आणि शॉवरभोवतीचा भाग ही ती विशेष जागा. डीबी सोडला तर बाकीची बदली, दुरुस्ती आणि देखभाल मात्र कुठेही केली तरी कळवावी लागत नाही. वेल्सने जुनी लांब यादी कायम ठेवली, आणि स्कॉटलंडची व्यवस्था निराळीच आहे, त्यामुळे 'ब्रिटनमध्ये असे असते' असे मोघम बोलणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये.

विशेष जागेची व्याख्या मला मुद्दाम सांगाविशी वाटते, कारण ती फुटपट्टीने केलेली आहे. उंची जमिनीपासून २.२५ मीटर, किंवा शॉवरचे तोंड त्याहून वर असेल तर तिथपर्यंत. आडवे अंतर टबाच्या किंवा शॉवरखालच्या ट्रेच्या कडेपासून ०.६ मीटर, पण टबही नसेल आणि ट्रेही नसेल, तर शॉवरच्या तोंडाच्या मध्यापासून १.२ मीटर. हे वाचताना मी आमच्या इमारतीच्या नकाशावर ते अंतर लावून पाहिले. आपल्या बाथरूमला टब नसतो, पाणी सगळीकडे सांडते आणि खोलीची रुंदी चार फूट, म्हणजे तेवढीच १.२ मीटर, असते. त्या व्याख्येने आमच्या अठ्ठावीस फ्लॅटमधली बहुतेक बाथरूमे जवळजवळ दारापर्यंत विशेष जागा ठरली असती. आपल्या सुटीच्या वाक्यात जागेचा उल्लेखच नाही; बाथरूममधला स्विच आणि दिवाणखान्यातला स्विच त्याच्या लेखी सारखेच. बाथरूमची वेगळी काळजी सांगतात ती भारतीय मानके, आणि १९५६ च्या नियमांत त्या मानकांविषयी शब्द होता तो 'अनुसरता येतील' अशा अर्थाचा. 'अनुसरलीच पाहिजेत' आणि 'अनुसरता येतील' यांमधल्या फटीतून आमच्या व्यवसायातली निम्मी भांडणे बाहेर आलेली आहेत.

पुतणीचा शॉवर म्हणजे काय हे थोडे सांगायला हवे, कारण आपल्याकडे ती वस्तू फारशी दिसत नाही. भिंतीवर लावलेला विजेचा शॉवर हा मुळात इन्स्टंट गीझरच असतो, पण थंड देशाच्या मापाचा. तिच्या घरातला जुना ७.२ किलोवॅटचा होता, म्हणजे सुमारे एकतीस अँपिअर; नवा घ्यायचा होता साडेनऊ किलोवॅटचा, म्हणजे एक्केचाळीस अँपिअर. तिच्या नवऱ्याचे म्हणणे असे, की शॉवरच्या जागी शॉवर ही बदली आहे, बदली कळवावी लागत नाही, तर मग विषय संपला. मी विचारले की जुनी केबल एक्केचाळीस अँपिअर झेलते का. ती झेलत नव्हती. इलेक्ट्रिशियनने डीबीपासून जाड केबल ओढावी लागेल आणि एमसीबीही बदलावी लागेल असे सांगितले होते. मग केबल नवी, संरक्षण नवे, टोकाचे उपकरण नवे. जुन्या सर्किटचे उरले काय, तर डीबीतली जागा. याला 'नवे सर्किट' म्हणायचे की 'जुन्या सर्किटमधला फेरफार', यावर दोन इलेक्ट्रिशियन दोन मते देतील. माझे म्हणणे असे, की इथे वाद घालण्याची गरजच नाही : नवे म्हणाल तर पहिल्या दाराने ते काम यादीत येते, आणि फेरफार म्हणाल तर तो शॉवरच्या जागेशी जाऊन संपतो, म्हणून तिसऱ्या दाराने येते. 'बदली' म्हणून बाहेर राहायचे असेल, तर तेवढ्याच किलोवॅटचा शॉवर त्याच केबलवर लावावा. स्वयंपाकघरात तिला दोन सॉकेट वाढवायची होती, ती मात्र चालू सर्किटवरच घ्यायची असल्याने कळवण्याची गरज नव्हती, आणि बाथरूममधला दिवा जशास तसा बदलण्यालाही नव्हती.

गंमत अशी की तिच्या प्रश्नाचा निर्णय मी शेवटी आपल्याच नियमाच्या शब्दांनी केला. तिथल्या 'बदली'चा अर्थ लावताना माझ्या डोक्यात 'क्षमता किंवा स्वरूप' हेच दोन शब्द होते. त्यांच्या यादीत ते नाहीत, पण अर्थाचा दिवा म्हणून ते तिथेही उजेड देतात.

आपल्याकडे 'कळवणे' अजिबात नाही असे मात्र नाही, ते इमारतीच्या पातळीवर आहे आणि सोसायट्यांना त्याचा पत्ता नसतो. पंधरा मीटरहून उंच इमारतींसाठी २०१० च्या विनियमांत वेगळी कलमे होती. शासनाने ठरवून दिलेल्या भाराच्या वरच्या अशा इमारतीत पुरवठा सुरू करण्यापूर्वी, किंवा सहा महिने अगर अधिक काळ तुटलेला पुरवठा पुन्हा जोडण्यापूर्वी, मालकाने किंवा वहिवाटदाराने विद्युत निरीक्षकाला किमान तीस दिवसांची लेखी सूचना द्यायची आणि त्याच्या लेखी मान्यतेशिवाय पुरवठा जोडायचा नाही. आणीबाणीत सगळ्या इमारतीची वीज तोडता येईल असे साधन ठळक जागी, जमिनीपासून १.७० मीटरपेक्षा उंच नाही असे, बसवायचे. आमची सात मजली इमारत पंधरा मीटरच्या कितीतरी वर आहे, आणि मी सचिव झालो तेव्हा आमच्या मीटर रूममधल्या मुख्य स्विचसमोर जुन्या सायकली आणि गणपतीचे मखर ठेवलेले होते.

त्याच कलमांत आणखी एक वाक्य आहे, ज्याच्या अर्थाबद्दल काडीचाही वाद संभवत नाही : विजेच्या केबलसाठी असलेल्या डक्टमधून दुसऱ्या कोणत्याही सेवेचे पाइप किंवा केबल न्यायचे नाहीत, आणि प्रत्येक मजल्यावर डक्टमध्ये आग अडवणारा अडसर हवा. मुंबईतल्या कोणत्याही जुन्या इमारतीचा शाफ्ट उघडून पाहा. इंटरनेटच्या आणि टीव्हीच्या काळ्या-पिवळ्या वायरींचा गुंता विजेच्या केबलींना जळवांसारखा चिकटलेला असतो आणि त्यांच्यासाठी अडसर ठिकठिकाणी फोडलेला असतो. स्पष्ट नियम पाळला जात नाही आणि संदिग्ध नियमावर आपण चर्चा करतो, हे मला स्वतःलाही लागू आहे. आमचा शाफ्ट मोकळा करायला मला दोन वर्षे लागली, आणि पुन्हा कोणी वायर टाकत नाही ना हे पाहायला मी आजही महिन्यातून एकदा दार उघडतो.

कळवण्याचे दुसरे ठिकाण गणेशोत्सवात येते. २००३ च्या कायद्याचे ५४ वे कलम सांगते की रस्त्यात, किंवा जिथे शंभर किंवा अधिक माणसे सामान्यतः जमण्याचा संभव आहे अशा जागी, २५० वॅट आणि १०० व्होल्ट यांपेक्षा अधिक वीज वापरायची असेल, तर किमान सात दिवस आधी विद्युत निरीक्षकाला आणि मुंबईसारख्या शहरात पोलीस आयुक्तांना लेखी सूचना द्यावी. सोसायटीच्या आवारातला मांडव यात येतो का, असा प्रश्न आमच्या सभेत निघाला होता. 'सामान्यतः' या शब्दावर एका सभासदाने बराच वेळ भर दिला, की एरवी आवारात दहा माणसेही नसतात. मी एवढेच विचारले की आरतीला किती असतात. सूचना द्यायचे ठरले.

सोसायटीची परवानगी ही मात्र या सगळ्यांहून निराळी गोष्ट आहे. आदर्श उपविधींप्रमाणे फ्लॅटमधल्या मुख्य स्विचपर्यंतच्या विजेच्या लाइनी सोसायटीने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायच्या आणि त्यापुढचे सभासदाने पाहायचे. मी दिलेल्या पत्राने कोणाचे वायरिंग कायदेशीर होत नाही, आणि मी पत्र नाकारल्याने सुटीतले काम बेकायदा होत नाही. म्हणून आता मी अर्जाचा नमुनाच बदलला आहे. 'कोणते उपकरण' हे विचारणे बंद केले. त्याऐवजी विचारतो की तार कुठून कुठे जाते, ती बदलणार का, एमसीबीचा आकडा बदलणार का, आणि यांपैकी कशालाही 'हो' असेल, तर ठेकेदाराच्या लायसन्सची आणि वायरमनच्या परमिटची प्रत जोडा. वहिनींनी प्लंबरऐवजी परमिटधारक वायरमन बोलावला, डीबीपासून नवी लाइन ओढून घेतली, आणि पॉइंट अलीकडे न आणता उलट शॉवरपासून लांबच्या भिंतीवर नेला. पुतणीने नोंदणीकृत इलेक्ट्रिशियनकडून काम करून घेतले. प्रमाणपत्र तीन आठवड्यांनी टपालाने आले.

पाचव्या मजल्यावरचे प्रकरण याच सुमारास उभे राहिले. तिथे सगळे घर नव्याने केले होते : तीन एसी, ओव्हन, नवा डीबी. भार वाढवून घेण्यासाठी टेस्ट रिपोर्ट तयार होता, सही-शिक्क्यासह, आणि तारा व अर्थ यांमधला इन्सुलेशनचा रोध प्रत्येक सर्किटला नेमका एकच आकडा दाखवत होता. पाचशे व्होल्टवर एक मिनिट चाचणी करून किमान एक मेगओहम मिळाला पाहिजे, हा निकष १९५६ च्या नियमांपासूनचा आहे. पण नऊ सर्किटना एकच आकडा मिळणे मी आयुष्यात पाहिलेले नव्हते. ठेकेदाराने हा रोध मोजणारे यंत्र, म्हणजे मेगर, आणलाच नव्हता, रिपोर्ट लिफ्टसमोर उभा राहून भरला होता, हे वॉचमनने सांगितले. जुलैतल्या एका रविवारी, दोन दिवसांच्या सलग पावसानंतर, मी माझा जुना मेगर घेऊन वर गेलो. आठ सर्किट ठीक निघाली. नवव्याने, बाथरूमच्या लाइनने, ०.४ मेगओहम दाखवले. खिडकीखालची पट्टी उघडली तेव्हा भिंतीच्या ओलीत नुसती टेप गुंडाळलेला एक जोड सापडला. दुसऱ्या ठेकेदाराने ती लाइन जोडाशिवाय अखंड ओढली, मी पुन्हा मोजले तेव्हा काटा वीसच्या पुढे गेला, आणि तो नवा रिपोर्ट, प्रत्येक सर्किटच्या निराळ्या आकड्यासह, वीज कंपनीकडे गेला.